उसनी मिरची

"घ्या न विहीणबाई, एकच घास," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातला डिंकाचा लाडू माझ्या ओठांना टेकला.

मी ओठ आणखी घट्ट मिटले आणि मान हलवली.

मंदाताई म्हणजे माझ्या सुनेची, ऋजुताची आई. सून होऊनही तिला जेमतेम तासभर झाला होता. अक्षतांचे तांदूळ अजून माझ्या अंबाड्यात अडकलेले होते. मंदाताईंच्या उजव्या हातात लाडू होता आणि डाव्या हातातल्या वाटीत तळलेली भरली मिरची. गावंड्यांच्या, म्हणजे मुलीकडच्या घरची रीतच होती तशी. विहिणीच्या पंगतीत मुलीच्या आईनं वरमाईला आधी गोड घास भरवायचा, मग तिखट. आमच्या लेकीचं गोड घेतलंत तसं तिखटही पोटात घाला, असा त्यातला अर्थ. आणि हे दोन घास वरमाईच्या पोटात गेल्याशिवाय पंगतीत कुणीही अन्नाला हात लावायचा नाही.

त्यामुळे सगळे नुसते बसले होते. परतवाड्याच्या त्या मंगल कार्यालयात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पानं मांडलेली. पानांवर पुरणपोळी, गोळाभात, पातोडीची भाजी, कढी. प्रत्येक पानामागे हात मांडीवर ठेवून बसलेला एक भुकेला माणूस. मुहूर्त भर दुपारचा, सकाळच्या पोह्यांवर मंडळी कशीबशी तग धरून होती. कढीवर साय धरायला लागली होती आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडावर खिळल्या होत्या.

ते तोंड मी का उघडत नव्हते, ते सांगायचं तर कराडला जावं लागेल.

कराडला आमचं दंतमंजन आहे. कारखाना म्हणतात त्याला, पण खरं तर घरामागच्या दोन खोल्या, एक चक्की आणि डब्या भरणाऱ्या चार बायका. 'मुक्तावळी दंतमंजन' हे नाव सासऱ्यांनी ठेवलं आणि डबीवरची ओळही त्यांचीच: 'हिरड्या घट्ट, दात लख्ख'. सासऱ्यांच्या मागे धंदा ह्यांनी चालवला. ह्यांना त्या ओळीचा भारी अभिमान. दुकानात गिऱ्हाईक आलं की हे आधी तोंड भरून हसायचे. दात एकसारखे, पांढरेशुभ्र, नुसते बघत राहावेत असे. "जाहिरातीला वेगळा खर्च कशाला?" असं म्हणून पुन्हा एकदा हसायचे.

आणि त्याच घरात माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं. रक्त आलं की मी मंजन जास्त जोरात घासायची. जास्त घासलं की जास्त रक्त यायचं. मुलाचं, हृषीचं लग्न ठरलं, याद्या झाल्या, आणि नेमकी तेव्हाच उजव्या बाजूची हिरडी सुजून टम्म झाली. एक दाढ जिभेनं ढकलली तर हलायला लागली. गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, कारण त्याच्या दवाखान्यासमोरच आमची भली मोठी पाटी. दिव्याखाली अंधार असतो हे साऱ्या कराडला कशाला दाखवा? बहिणीला भेटायचं निमित्त काढून मी कोल्हापूर गाठलं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, हसरी होती. तोंडात आरसा घालून तिनं बराच वेळ पाहिलं.

"काकू, दात कशानं घासता?"

"मंजनानं."

"कुठल्या?"

"आहे एक. घरगुती."

"मंजनानं दात पांढरे होतील हो. पण हा रोग हिरडीच्या आत आहे, पार दाताच्या मुळाशी. तिथवर ना तुमचं मंजन पोचतं, ना तुमचं बोट. लेझरनं आतलं सगळं साफ करावं लागेल. आणखी थांबलात तर दाढच काय, पुढचे दातही तुमची साथ सोडतील."

पुढच्या दातांचं ऐकल्यावर मी मुकाट्यानं खुर्चीत मागे टेकले. वरमाईला फोटोत पुढचे दात लागतात.

लेझर या शब्दाचीच मला धडकी भरली होती, पण प्रत्यक्षात ते बाळंतपणाच्या मानानं काहीच नाही. तोंड बधीर केलं, डोळ्यांवर रंगीत चष्मा चढवला, आणि काडीएवढं बारीक काहीतरी हिरडीच्या कडेकडेनं फिरत राहिलं. खरा जाच पुढे पथ्याचा होता. आधी नुसतं पातळ. मग मऊ, गार, अळणी, चावावं न लागणारं. गरम नाही, तिखट नाही, कुरकुरीत नाही, तीळ नाही, शेंगदाणा नाही. त्या बाजूला ब्रशसुद्धा लावायचा नाही, औषधाच्या पाण्यानं हळूच चूळ भरायची.

"आणि बोटानं चाचपायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिरडीला दाताला धरू द्या. रोप लावल्यावर मुळं धरली का म्हणून उकरून बघतो का आपण?"

"पण लग्नात काय खाऊ?"

"कुणाच्या लग्नात?"

"मुलाच्या."

"मग काळजी सोडा. वरमाईला खायला फुरसत कुठे मिळते?"

मला ते एकदम पटलं. आमच्याकडे आता सगळीकडे बुफे. हातात ताटली घेऊन चार माणसांशी बोलत फिरलं की कोण बघतंय वरमाईनं काय खाल्लं? विहिणीची पंगत आमच्याकडून कधीच हद्दपार झाली होती. वऱ्हाडात ती अजून सुखरूप नांदते आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

ह्यांना घरी येऊन सांगितलं तर ह्यांचा चेहराच पडला.

"कुणाजवळ बोलू नकोस," हे म्हणाले. "हृषीलासुद्धा नको, त्याच्या पोटात काही राहत नाही. आणि इंदूला तर मुळीच नको. अगं, लग्नात प्रत्येक पानाशेजारी मी एकेक डबी ठेवणार आहे. वऱ्हाडात आपला माल अजून पोचलेला नाही. मंजनवाल्याचीच बायको हिरड्यांना लेझर लावून आली म्हटल्यावर कोण हात लावेल त्या डबीला?"

"बरं," मी म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकणं सोपं, तोंड झाकणं अवघड. परतवाड्याला आदल्या दिवशी पोचल्यापासून माझे हाल सुरू झाले. वाफाळता चहा आला, मी तो गार होईपर्यंत हातात धरून बसले. चिवडा आला, मी पदराआड लपवून इंदूवन्संच्या बशीत ओतला. इंदूवन्सं म्हणजे माझी नणंद. खाण्यात आणि बातम्या पोचवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. बोलताना हिरडी ओढायची म्हणून मी दोन शब्दांच्या वर जात नव्हते. हसायचं तेही ओठ मिटून. संध्याकाळी शेजारच्या खोलीतून कुणीतरी बोललेलं कानावर आलं, "वरमाय लई गर्वाची दिसून राहिली व. हसत बी नाही, बोलत बी नाही." मला वाईट वाटलं. म्हटलं, एक दिवस ढकलायचा, मग पुढे आयुष्यभर हसून भरपाई करता येईल.

आणि आता हा लाडू.

लाडू कसला, नदीतला गोटा. ऋजुताच्या आजीनं स्वतःच्या हातानं खास माझ्यासाठी वळलेला, खारीक-खोबऱ्याचा, तळलेल्या डिंकाचे खडे मोत्यासारखे बाहेर आलेले. एरवी मी तो कुणाला दाखवलाही नसता. माझ्यासाठी चांदीचं ताट, भोवती महिरपीची रांगोळी, दोन बाजूंना समया. उजवीकडे इंदूवन्सं, डावीकडे आमचं मंजन विकणाऱ्या दोन मोठ्या दुकानदारांच्या बायका, माझ्या तोंडून उच्छ्वास निघाला तरी ऐकतील इतक्या जवळ. कानात काही सांगावं तर कुणाच्या कानात सांगायचं?

"उपास आहे," मी कसंबसं म्हटलं.

"मंग तर लय चांगलं," समोरून आजी म्हणाल्या. "याच घासानं सोड."

मी पुन्हा मान हलवली.

मागे बसलेल्या बायकांची विहिणीची गाणी हळूहळू थांबली. पुरुषांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. ऋजुताचे वडील, गावंडेसाहेब, पानावरून उठून आले. गोरेपान, उंच, डोक्याला भगवा फेटा. माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"विहीणबाई, मानपानात काही उणं राहिलं काय? सांगा न. आमची चूक पदरात घ्या."

"तसं काही नाही," मी म्हटलं. दोन शब्दांच्या जागी तीन झाले आणि हिरडीनं लगेच जाणीव करून दिली. माझं तोंड वेडंवाकडं झालं असावं, कारण गावंडेसाहेबांनी ते पाहून भावाला खूण केली. भाऊ आत पळाला आणि चांदीचा तांब्या घेऊन आला. मी मान हलवली. मग लाल शालू आला. मी दोन्ही हातांनी नको म्हटलं. मग चांदीच्या वाट्यांचा जोड आला. जितकी मी मान हलवत होते तितका माझ्यापुढचा ढीग वाढत होता.

"वहिनी," इंदूवन्सं माझ्या कानाशी लागली. इतकी खूश मी तिला स्वतःच्या मुलीच्या लग्नातही पाहिली नव्हती. "लई भारी! मला वाटलं हुतं तुम्ही भोळ्या. आसंच ताणून धरा. आता सोन्याचं तोडं मागा."

मी पुरुषांच्या रांगेकडे पाहिलं. हे डोळ्यांनी मला विनवत होते, खा. मग स्वतःच विचार करून विनवायला लागले, नको खाऊ. हृषी मुंडावळ्या सावरत उठून आला.

"आई, काय लावलंयस हे? खा की एक घास!"

ऋजुता त्याच्या मागे उभी होती. आदल्या दिवसापर्यंत मला फोनवर आई-आई करून चिवचिवणारी पोर. आता तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल भीती होती. ती भीती बघून मला लाडवापेक्षा जड वाटलं.

मंदाताई मात्र हलल्या नव्हत्या. इतका वेळ दातांच्या कण्या करून झाल्यावर आता त्या माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या, रांगोळी विस्कटली तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

"ताई," त्या म्हणाल्या. विहीणबाई नाही, ताई. "ती खांबापाशी उभी आहे न, ती आमची कुसुमताई. माझी नणंद."

खांबाला टेकून एक बाई उभी होती. अंगावर साधीच साडी, हातात वाढायची पळी. लग्नघरात सख्खी आत्या, पण सकाळपासून मी तिला पुढे आलेली पाहिली नव्हती.

"तिच्या लग्नातही अशीच पंगत होती. मी नवीन सून होती तवा. तूप वाढाचं काम माह्याकडे होतं. घाईघाईत तूप कोमटच वाढलं मी. तिची सासू म्हणे, कोमट तुपाचा मान घ्याले आलो काय आम्ही? अन् उपाशी उठली. सगळ्यांनी हात जोडले, ऐकलं नाही. मंग तिनं कुसुमताईले माहेरी पाठवलंच नाही हो. दिवाळी नाही, राखी नाही. ह्यांच्या वडलांनी, म्हणजे तिच्या बापानं डोळे मिटले, तवा बी नाही. सासू गेली तवा कुठं ती या घराची पायरी चढली. तोवर तिचे केस पांढरे झाले होते."

मंदाताईंनी डोळे पुसले नाहीत, पुसायला हात मोकळा नव्हता.

"माह्या हातून एका पोरीचं माहेर तुटलं, ताई. आता माह्याच पोरीचं तुटू नका देऊ. काय चुकलं ते सांगा, मी पाया पडते."

त्या खरोखरच वाकायला लागल्या.

माझ्या पानाशेजारी मुक्तावळीची डबी होती. हिरड्या घट्ट, दात लख्ख. मी डबीकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. माझ्या मनात काय आलंय ते ह्यांना लांबूनही कळलं असणार, कारण हे सावकाश मान हलवायला लागले. नको. मग मी कुसुमताईकडे पाहिलं. ती पळी छातीशी धरून माझ्याकडेच बघत होती आणि तिच्या नजरेत राग वगैरे काही नव्हता. पुढे काय होणार ते आधीच ठाऊक असलेल्या माणसाची नजर होती ती.

म्हटलं, मुक्तावळी गेली खड्ड्यात.

मी मंदाताईंचे खांदे धरून त्यांना सरळ केलं. मग मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"मी रुसलेली नाही! मला हे खाता येत नाही! माझ्या हिरड्यांना रोग झालाय. परवाच लेझर करून आलेय. हे बघा!"

आणि मी तोंड उघडलं. चांगला मोठा आ केला, समईच्या उजेडाकडे मान वळवून. शंभर माणसांसमोर, फोटोग्राफरसमोर, दोन्ही दुकानदारिणींसमोर.

"लाडू चावला तर दाढ तुमच्या ताटात पडेल," मी म्हटलं. "आणि मिरची लागली तर मी इथंच फुगडी घालेन."

फोटोग्राफरचा कॅमेरा खाली आला.

"आगं बया!" इंदूवन्सं किंचाळली. "हिरड्यांना? आपल्या घरात?"

तिकडच्या रांगेतल्या एका मिशाळ गृहस्थांनी पानाशेजारची डबी उचलली, डोळ्यांपासून लांब धरली आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "हि-रड्या घट्ट... दात लख्ख."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणीतरी. माझे कान तापले. मी केलं ते बरोबरच होतं, पण म्हणून लाज वाटायची थोडीच थांबते! आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या हसण्यात सासऱ्यांचं सगळं आयुष्य वाहून चाललंय असं मला वाटलं. ह्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

"थांबा," ह्यांचा आवाज आला.

हे उभे राहिले होते. जरीचा फेटा, उपरणं, कपाळाला गंध. ह्यांनी एकदा पंगतीवरून नजर फिरवली, मग तोंडात अंगठा आणि बोट घातलं, खट्‌ केलं, आणि वरची अख्खी कवळी काढून आपल्या पानावर पुरणपोळीशेजारी ठेवली.

"माझा तर वरचा एकही नाही," हे म्हणाले. म्हणजे तसंच म्हणाले असावेत; त्यातली निम्मी अक्षरं वाऱ्यावर गेली. "मंजन चांगलं आहे. दात निघतात लख्ख. पण हिरडीच्या आत ते पोचत नाही. आमच्या वडिलांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, तर मी दात विकत आणले. बायको निदान डॉक्टरकडे तरी गेली."

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. हृषीलाही नाही. तो बापाच्या पानाकडे आ वासून बघत राहिला.

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी चारचौघांत माझ्यासाठी कधी काही केलेलं मला आठवत नाही. लग्नात साधं नाव घ्यायलाही आढेवेढे घेतले होते. त्या दिवशी दात काढले. मला तिथल्या तिथे रडू आलं आणि रडता रडता हसू आलं, आणि हसताना हिरडी ओढली म्हणून "आई गं!" असं ओरडले.

तेवढं पुरलं. आधी आजी हसल्या. "मले बी नाही एकबी!" असं म्हणून त्यांनीही बोळकं उघडून दाखवलं. मग गावंडेसाहेब हसले, मग मिशाळ गृहस्थ, मग सगळं कार्यालय. मंदाताई तर लाडू हातात धरूनच हसत होत्या आणि हसता हसता हुंदके देत होत्या.

"अवं माय, मंग आधी सांगाचं न! मी इथं देव पाण्यात घालून बसली!"

"कसं सांगू? मंजन विकायचं होतं ह्यांना!"

"पन पंगतीचं काय?" कुणीतरी पोटावरून हात फिरवत विचारलं. "वरमायच्या तोंडात घास तर पडाले पाहिजे."

उत्तर आजींकडे होतं. आजींना दात नाहीत म्हणून त्यांच्यापुरत्या ज्वारीच्या कण्या रोज वेगळ्या शिजत. मऊ, गार दुधात कालवलेल्या. लग्नाच्या गडबडीतही त्यांची वाटी स्वयंपाकघरात झाकून ठेवलेली होती.

"कुसुम," आजी म्हणाल्या, "आन व माही वाटी."

कुसुमताई खांबापासून सुटली. आत गेली, वाटी घेऊन आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पंगतीच्या मधोमध येऊन उभी राहिली. वाटी तिच्या हातात, चमचा मंदाताईंच्या. त्यांनी तो माझ्या तोंडाशी आणला आणि मी तोंड उघडलं. पुरणपोळ्या पुष्कळ खाल्ल्या आयुष्यात, पण त्या कण्यांसारखं काही खाल्लेलं नाही. इकडे माझा घास गिळून होतोय न होतोय तोवर शंभर हात एकदम पानांवर पडले. मागच्या बायकांना तर कंठच फुटला. जागच्या जागी गाणं जुळवलं:

"कराडच्या विहीणबाई, तोंड उघडा गडे,
मंजन विकून विकून तुमच्या हिरडीला का तडे?
कराडचे व्याहीबुवा, हसा हसा थोडे,
पुरणपोळी खाऊन गेले ताटातले दातोडे!"

हे त्या गाण्याला सगळ्यांत मोठ्यानं हसले. कवळी मात्र आधी धुऊन लावली.

इंदूवन्संला तेवढ्यातही चैन नव्हतं. "पण लाडू आणि मिरची? रीत मोडली की ती!"

आजींनी तोंड पुसून निकाल दिला. "रीत नाही मोडली. दोन्ही घास उसने राहिले. हिच्या हिरड्या धरल्या का इथं येऊन फेडाचे. पोरीले घेऊन याचं."

"येईन," मी म्हटलं. "ह्यांच्या कवळीची शप्पथ."

ढिगातलं तांब्या, वाट्या, शालू सगळं मी परत केलं. इंदूवन्सं त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. हिरडीला तेवढाच आराम पडला. डबी मात्र एकही उरली नाही. आजींनीही एक घेतली, मंजन संपवून कुंकवाला होईल म्हणून.

घरी आल्यावर ऋजुताचा संसार सुरू झाला तो माझ्या तोंडापासून. सकाळी मोबाइलची बॅटरी लावून समोर उभी राहायची. "आई, आ करा." मग डॉक्टरांनी सांगितलेलं नीट होतंय का ते बघायची, मी जिभेनं दाढ ढकलली की रागवायची. सासूला इतक्या जवळून बघितल्यावर तिची भीती राहणार कुठे? सूज गेली, हिरडीचा रंग गुलाबी झाला, हलणारी दाढ हळूहळू जागेवर बसली. डबीवरची ओळही तिनंच बदलायला लावली. सासऱ्यांच्या ओळीखाली आता बारीक अक्षरांत छापलेलं असतं: 'हिरडीतून रक्त येत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवा.' ह्यांना वाटलं होतं धंदा बसणार. बसला नाही.

दिवाळी आली. गावंड्यांकडून बोलावणं यायच्या आधीच मी बॅग भरली.

"दिवाळसणाला सासू बरोबर जाते होय कुठं?" इंदूवन्संनी विचारलं.

"उसनं फेडायला चाललेय," मी म्हटलं.

परतवाड्याला ओसरीवर सगळे जमले. कुसुमताई भाऊबिजेला आलेलीच होती. तिनंच ताटलीतून लाडू आणला, तसाच गोट्यासारखा, आणि मंदाताईंनी तो माझ्या तोंडाशी धरला. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिलेली होती, तरी मी देवाचं नाव घेतलं आणि चावले.

कट्ट असा आवाज झाला. मंदाताईंचा चेहरा पांढरा पडला. हे नकळत स्वतःची कवळी चाचपायला लागले. ऋजुता तर बॅटरी शोधायला धावली.

मी सावकाश चावून, गिळून घेतलं.

"दात नाही," मी म्हटलं. "लाडू तुटला."

हसण्याचा गलका झाला तेव्हा कुसुमताईनं मिरचीची वाटी पुढे केली. छान तळलेली, मसाल्यानं टच्च भरलेली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण ऋजुता आपल्या आईला बिलगून बसली होती. शेजारी, इतक्या वर्षांनी माहेरच्या ओसरीवर पाय पसरून बसायला शिकलेली कुसुमताई. मी तिघींकडे पाहिलं आणि वाटी हातानं मागे सारली.

"आज नको," मी म्हटलं. "ही उसनीच राहू द्या. पुढच्या वर्षी येऊन खाईन."

आता माझी नात शाळेत जायला लागली आहे. हिरड्या ठणठणीत आहेत, दाढ अजून जागेवर आहे. दर दिवाळीला मी ऋजुताला घेऊन परतवाड्याला जाते, मंदाताई न चुकता मिरची तळतात आणि मी न चुकता वाटी मागे सारते.